प्रापंचिकांचे प्रजासत्ताक

परक्या देशाची राज्यघटना हा काही धर्मगुरूच्या अभ्यासाचा विषय नव्हे, असे आमच्या काही स्नेह्यांचे प्रामाणिक मत आहे. मिस्सा, प्रायश्चित्त संस्कार, आजाऱ्यांच्या भेटी आणि धर्मग्रामाची दप्तरे यांतून सवड मिळालीच तर माणसाने संतचरित्रे वाचावीत. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाने पंतप्रधान कधी नेमावा याची उठाठेव कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु २००३ साली आमच्या बिशप महोदयांनी आम्हांस कॅनन लॉ, म्हणजे ख्रिस्तसभेचे विधिशास्त्र, शिकण्यासाठी पॅरिसला धाडले, आणि तेथे राज्य व ख्रिस्तसभा यांच्या संबंधांचा कायदाही अभ्यासावा लागला. तो अभ्यासायचा म्हणजे फ्रान्सची राज्यघटना उघडल्यावाचून गत्यंतर नव्हते. दोन वर्षांनी परीक्षा संपल्या, आम्ही परतलो. पण ते पुस्तक काही मिटले नाही.

पहिला धडा वर्गात नव्हे, दारावरच्या पाटीनेच दिला. ज्या संस्थेत आम्ही शिकत होतो तिला आपण इकडे सहज ‘पॅरिसचे कॅथलिक विद्यापीठ’ म्हणतो. १८७५ साली खासगी उच्च शिक्षणाला मोकळीक देणारा कायदा झाला आणि त्याच वर्षी ती सुरू झाली. मात्र पाटीवर ‘विद्यापीठ’ हा शब्द नाही, ‘इन्स्टिट्यूट’ आहे. कारण १८ मार्च १८८० च्या कायद्याने ‘विद्यापीठ’ हे नाव खासगी संस्थांना वर्ज्य केले. धर्मविद्या शिकवा, विधिशास्त्र शिकवा, पण हा शब्द सरकारचा! फ्रान्समध्ये शब्दांनाही मालक असतात, हे त्या दिवशी कळले.

फ्रान्सच्या घटनेची इंग्रजी भाषांतरे मिळतात आणि ती चांगली आहेत. तरीही आमचे प्राध्यापक ती वर्गात आणू देत नसत. ‘कायदा समजून घ्यायचा असेल तर त्याचे क्रियापद त्याच्याच भाषेत ऐका,’ असे ते म्हणत. आरंभी हे आम्हांस भाषाभिमान्याचे बोल वाटले. त्या देशात हा अभिमान जुनाच आहे. १५३९ साली राजा पहिला फ्रान्स्वा याने विलेर-कोत्रे येथील आदेशाने न्यायालयीन कागदपत्रांतून लॅटिनला निरोप दिला. क्रांतीच्या काळात, ४ जून १७९४ रोजी, आबे ग्रेग्वार यांनी राष्ट्रीय परिषदेपुढे जो अहवाल वाचला त्यात निदान ६० लाख फ्रेंच लोकांना फ्रेंच येत नाही, ही खंत होती आणि बोलीभाषा नाहीशा कराव्यात अशी सूचना होती. हे ग्रेग्वार धर्मगुरू होते, बिशप झाले होते, ज्यूंच्या हक्कांसाठी आणि गुलामगिरीविरुद्ध झगडले होते. आणि तरीही आजीच्या तोंडची बोली त्यांना प्रजासत्ताकाला अडसर वाटली. सामवेदी आणि वाडवळी बोलीत ज्यांचे बालपण गेले त्या आम्हां वसईकरांना हे पचणे कठीण. असो. प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे, हे वाक्य घटनेत आले ते मात्र पुष्कळ उशिरा, १९९२ साली.

सेमिनरीत लॅटिन शिकलेल्या माणसाला फ्रेंच घटना वाचताना एक गंमत अनुभवास येते. ओळखीचे चेहरे परक्या वेषात भेटावेत, तसे शब्द भेटतात. ‘सांस्यूर’ हा आपल्या कॅनन लॉमधला शब्द: बहिष्कार, धर्मविधिबंदी आणि निलंबन हे त्याचे तीन प्रकार. तोच शब्द फ्रेंच लोकसभेत सरकारवरच्या अविश्वासाच्या ठरावाला लावतात. ४ डिसेंबर २०२४ रोजी मिशेल बार्निए यांचे सरकार ३३१ मतांनी असे ‘बहिष्कृत’ झाले. त्याआधी पाचव्या प्रजासत्ताकात हे एकदाच, १९६२ साली, घडले होते. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि पंतप्रधान दुसऱ्या पक्षाचा, अशा संसाराला तेथे ‘कोआबितास्यों’ म्हणतात. नीतिशास्त्राच्या तासाला याच शब्दाने लग्नावाचून एकत्र राहणाऱ्या जोडप्यांची चर्चा होत असे, हे आठवून आम्ही वर्गात हसलो होतो. १९८६ ते २००२ या काळात असे संसार तीन वेळा मांडले गेले.

पण क्रियापदांविषयी प्राध्यापक जे म्हणत त्याचा अर्थ उमगला तो तेराव्या कलमापाशी. फ्रेंच कायदा आज्ञा करतो ती साध्या वर्तमानकाळात. ‘राष्ट्राध्यक्ष पंतप्रधानाची नेमणूक करतो.’ ‘राष्ट्राध्यक्ष अध्यादेशांवर सही करतो.’ करावी, करील, केलीच पाहिजे, असे काही नाही, नुसते ‘करतो’. फ्रेंच बायबलातील दहा आज्ञा भविष्यकाळात आहेत, आणि माणसांचा कायदा वर्तमानकाळात! १९८६ साली समाजवादी राष्ट्राध्यक्ष मितराँ आणि उजव्या पक्षाचे पंतप्रधान शिराक यांचा संसार सुरू होता. सरकारी उद्योगांच्या खासगीकरणाचा अध्यादेश सहीसाठी आला तेव्हा मितराँ यांनी १४ जुलै रोजी, राष्ट्रीय सणाच्या दिवशी, आपण सही करणार नाही असे जाहीर केले. मग घटनापंडितांमध्ये वाद पेटला तो व्याकरणाचा. ‘सही करतो’ म्हणजे ‘सही करणे त्याचे कर्तव्य आहे’ की ‘सही करण्याचा अधिकार त्याचा आहे’? वर्तमानकाळाने दोन्ही पक्षांना आसरा दिला. निकाल लागलाच नाही. शिराक यांनी तोच मजकूर संसदेत विधेयक म्हणून नेला. इंग्रजी भाषांतर वाचणाऱ्याला हा वाद दिसणारच नाही, कारण इंग्रजीत तेथे कर्तव्यवाचक क्रियापद घालावे लागते आणि प्रश्न उद्भवण्याआधीच मिटतो.

अलीकडे याच वर्तमानकाळाची परीक्षा पुन्हा झाली. ७ जुलै २०२४ रोजी निवडणूक संपली. कोणालाच बहुमत नव्हते. आठवे कलम राष्ट्राध्यक्ष पंतप्रधान ‘नेमतो’ असे सांगते, पण किती दिवसांत ते सांगत नाही. दहाव्या कलमात कायदा जारी करण्यास १५ दिवसांची मुदत आहे, येथे नाही. मॅक्रॉन यांनी पंतप्रधान नेमला तो ५ सप्टेंबरला. आमचे स्नेही म्हणतात ती उठाठेव ती हीच. आम्हांला मात्र ते सारे दिवस एका मुदत नसलेल्या क्रियापदाचे वाटले.

न्यायनिवाड्यांची भाषा ही आणखी वेगळी परीक्षा. कोंसेय देता, म्हणजे तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालय, २०१८ पर्यंत आपला संपूर्ण निकाल एकाच वाक्यात देत असे. दोन-चार पाने भरतील असे ते वाक्य. त्यातील प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी ‘हे विचारात घेता की’, आणि क्रियापद अगदी शेवटी. सहाध्यायी त्राग्याने पुस्तक मिटत. आम्हांला तो त्रास झाला नाही, कारण ‘ज्याअर्थी’ने सुरू होऊन पानभराने ‘त्याअर्थी’ गाठणारे मराठी सरकारी कागद आम्ही गावच्या जमिनीच्या निमित्ताने लहानपणापासून पाहत आलो होतो. मराठीचे हे उपकार कोणी मोजत नाही.

हे सर्व सांगितले ते आम्हांस ज्या एका शब्दाविषयी लिहायचे आहे त्याची वाट मोकळी व्हावी म्हणून. तो शब्द पहिल्या कलमात आहे. फ्रान्स हे अविभाज्य, ‘लाईक’, लोकशाही व सामाजिक प्रजासत्ताक आहे, असे ते कलम सांगते. आपल्या कानांना ‘लायक’ असा भास होतो. तो तेवढा बाजूला ठेवावा. इंग्रजी भाषांतरकार येथे ‘सेक्युलर’ घालतात, आणि मराठीत मग ते ‘धर्मनिरपेक्ष’ होते. दोन्ही पायऱ्यांवर काहीतरी सांडते.

‘सेक्युलर’चा फ्रेंच भाऊ आहेच, ‘सेक्युलिए’. तो शब्द फ्रेंच लोकांनी घटनेत का घातला नाही? कारण तो आधीच गुंतलेला आहे. मठांत न राहता धर्मप्रांतात सेवा करणाऱ्या धर्मगुरूंना त्या भाषेत ‘सेक्युलिए’ म्हणतात. म्हणजे आम्ही स्वतःच ‘सेक्युलर’! प्रजासत्ताकाने हे विशेषण घेतले असते तर ते धर्मप्रांतीय धर्मगुरूंचे प्रजासत्ताक झाले असते. म्हणून त्यांनी दुसरा शब्द उचलला, आणि तोही आपल्याच घरातून. ग्रीक ‘लाओस’ म्हणजे प्रजा, लोक. त्यापासून लॅटिन ‘लाइकुस’, त्यापासून फ्रेंच ‘लाईक’: जो धर्मगुरू नाही, संन्यासी नाही, तो बाप्तिस्मा घेतलेला सामान्य मनुष्य. आपण मराठीत ज्याला ‘प्रापंचिक’ म्हणतो तोच. फ्रेंच लेखनात आज ख्रिस्तसभेतील प्रापंचिक आणि राज्याचे विशेषण यांचे स्पेलिंग किंचित निराळे ठेवतात, उच्चार एकच. तेव्हा पहिल्या कलमाचे भाबडे मराठी असे होईल: फ्रान्स हे प्रापंचिकांचे प्रजासत्ताक आहे. त्यात देव नाही असे ते म्हणत नाही. कारभार पाळकांच्या हाती नाही, असे म्हणते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ख्रिस्तसभेला ‘देवाची प्रजा’ म्हटले आणि प्रापंचिकांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले, तेव्हा तिच्याही मनात हेच ‘लाओस’ होते. एकाच झाडाच्या दोन फांद्या. एकमेकींशी शंभर वर्षे भांडल्या.

भांडण खोटे नव्हते. ‘लाईक’ म्हणजे केवळ प्रापंचिक, असे निरुक्त सांगून मोकळे होणे ही त्या काळातील साक्षीदारांशी प्रतारणा होईल. १९०१ च्या कायद्याने धर्मसंघांना परवानगीची अट घातली; १९०३ साली ग्रांद शार्त्रज या प्राचीन मठातून संन्याशांना सैनिकांकरवी बाहेर काढण्यात आले; १९०४ साली धर्मसंघांना शिकविण्याचीच मनाई झाली आणि हजारो धर्मभगिनींनी देश सोडला. तत्पूर्वी १८९२ मध्ये तेरावे लिओ यांनी फ्रेंच कॅथलिकांना प्रजासत्ताक मान्य करण्याचा सल्ला दिला होता. त्यासाठी त्यांनी लिहिलेले परिपत्र लॅटिनमध्ये नाही, फ्रेंचमध्ये आहे. परमगुरूंनाही प्रजासत्ताकाशी बोलायला प्रजासत्ताकाचीच भाषा घ्यावी लागली! राज्यपद्धती वेगळी आणि त्या राज्यातील कायदे वेगळे, पहिली स्वीकारा आणि दुसऱ्यांतील अन्याय सनदशीर मार्गांनी दूर करा, असा त्यांचा विवेक होता. किती जणांनी ऐकले? थोड्यांनी.

मग ९ डिसेंबर १९०५ चा कायदा आला. लोकसभेत तो ३४१ विरुद्ध २३३ मतांनी संमत झाला होता. ज्याला सारे जग ‘लाईसिते’चा कायदा म्हणून ओळखते त्याच्या मूळ मजकुरात ‘लाईसिते’ हा शब्द एकदाही नाही. शीर्षकात ‘ख्रिस्तसभा आणि राज्य’ असे एकवचन नाही. ‘ख्रिस्तसभा’ अनेकवचनी आहे, कारण कॅथलिकांबरोबर प्रोटेस्टंट पंथही त्या कक्षेत येत होते. पहिले कलम सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याची हमी देते आणि नंतर उपासनेच्या मोकळिकीची. दुसरे कलम म्हणते की प्रजासत्ताक कोणत्याही उपासनेला मान्यता देत नाही, वेतन देत नाही, अनुदान देत नाही. दोन्ही कलमांत शब्द ‘धर्म’ नाही, ‘कुल्त’ आहे: संघटित, सार्वजनिक उपासना. माणसाच्या श्रद्धेविषयी कायदा काही बोलतच नाही. तो फक्त देवळाच्या दारापर्यंत येतो.

आमचे आवडते कलम मात्र चौथे. चर्चची मालमत्ता कोणाकडे सोपवायची, हा प्रश्न होता. प्रापंचिकांच्या उपासना-मंडळांकडे, असे कायद्याचे उत्तर. पण एखाद्या गावात चार असंतुष्टांनी मंडळ काढून बिशपांना न जुमानता चर्च बळकावले तर? तेव्हा एक उपवाक्य घालण्यात आले: ती मंडळे ज्या उपासनेसाठी आहेत तिच्या सर्वसाधारण संघटनेच्या नियमांना धरून असली पाहिजेत. ‘बिशप’, ‘पोप’ हे शब्द कोठेही न आणता बिशपांचा अधिकार त्या कायद्यात बसला. कायद्याचे निवेदक आरिस्तीद ब्रियाँ आणि त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले जां जोरेस हे दोघेही समाजवादी. स्वपक्षातील कडव्या मंडळींचा राग ओढवून त्यांनी हे उपवाक्य राखले. आमच्या मते धर्मविरोधकांनी ख्रिस्तसभेवर केलेले हे सर्वांत मोठे उपकार होत, आणि ते अवघ्या एका उपवाक्यात मावले आहेत.

पण १९०६ च्या आरंभी चर्चमधील वस्तूंची यादी करायला सरकारी अधिकारी आले. पवित्र साक्रामेंताची पेटी उघडून दाखविण्यास सांगावे, अशी सूचना एका परिपत्रकात होती. भाविक दारे अडवून बसले. उत्तरेकडील बोशेप गावी ६ मार्च रोजी चर्चमध्येच एक मनुष्य गोळी लागून मेला आणि दुसऱ्या दिवशी पॅरिसमध्ये मंत्रिमंडळ कोसळले. दहावे पायस यांनी कायद्याचा निषेध केला आणि ऑगस्टमध्ये उपासना-मंडळे काढण्यास मनाई केली. परिणाम असा की बिशपांची निवासस्थाने, सेमिनऱ्या, धर्मगुरूंची घरे हातची गेली. चर्चच्या इमारती नगरपालिकांच्या झाल्या, आणि २ जानेवारी १९०७ च्या कायद्याने त्या भाविकांच्या व धर्मगुरूंच्या उपासनेसाठी खुल्या ठेवल्या गेल्या. दैव असे की, ज्या प्रोटेस्टंटांनी व ज्यूंनी मंडळे काढली ते मालक झाले आणि छपराचा खर्च त्यांच्या माथी आला. कॅथलिकांनी नकार दिला आणि कौले नगरपालिका बदलू लागली! आम्ही ज्या चर्चमध्ये रविवारी मदतीला जात असू ते पॅरिस शहराच्या मालकीचे होते. वेदीवर धर्मगुरूंचा अधिकार निर्विवाद. छपरासाठी अर्ज नगरपालिकेकडे. कॅथेड्रल बहुतेक सरकारची. १५ एप्रिल २०१९ रोजी नोत्र दाम जळाले तेव्हा मालक म्हणून पुढे आले ते ‘लाईक’ राज्य, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडले तेव्हा बंद दारावर दंड ठोठावणारे होते पॅरिसचे आर्चबिशप.

मालकी गेली, मग मान राहिला का? याचे उत्तर एका खटल्यात मिळते. सांस शहराच्या महापौरांनी अंत्ययात्रेबरोबर धर्मगुरूंनी विधीची वस्त्रे घालून चालू नये, असा हुकूम काढला. तेथील आबे ओलिविए यांनी दाद मागितली आणि १९ फेब्रुवारी १९०९ रोजी कोंसेय देताने तो हुकूम रद्द केला: स्थानिक परंपरेत हात घालायला सार्वजनिक सुव्यवस्थेचे कोणतेही कारण नव्हते. कायद्याला चार वर्षेही झाली नव्हती. तोच कायदा, तेच राज्य, आणि त्याच राज्याच्या न्यायालयात एक साधा धर्मगुरू महापौराविरुद्ध जिंकतो! १९२४ साली अकरावे पायस यांनी बिशपांच्या अध्यक्षतेखालील धर्मप्रांतीय मंडळांना संमती दिली. १९४५ च्या नोव्हेंबरात फ्रेंच बिशपांनी ‘लाईसिते’चे निरनिराळे अर्थ वेगळे करून त्यांतला कोणता मान्य व कोणता अमान्य ते सांगितले, पुढच्या वर्षी ‘लाईक’ हा शब्द प्रथमच घटनेत आला. १९५८ च्या घटनेने त्यापुढे आणखी एक लहान वाक्य जोडले: ते सर्व श्रद्धांचा आदर करते.

या तत्त्वाला अपवादही मजेदार. आल्सास व मोझेल हे भाग १९०५ साली जर्मनीकडे होते; त्यामुळे तेथे नेपोलियनचा १८०१ चा करार आजही लागू आहे. धर्मगुरूंना सरकारी पगार मिळतो, आणि स्ट्रासबुर्ग व मेट्झच्या बिशपांच्या नेमणुकीच्या हुकमावर फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाची सही लागते. शिवाय हा राष्ट्राध्यक्ष परंपरेने रोमच्या लॅटरन महामंदिराचा मानद कॅनन असतो. तर्काने आखलेल्या देशात इतिहासाने असे कोनाडे ठेवले आहेत.

आम्ही तेथे असतानाच, १५ मार्च २००४ रोजी, सरकारी शाळांत धर्मचिन्हांना मनाई करणारा कायदा झाला. त्यातही सारे भांडण एका क्रियाविशेषणाचे. चिन्ह ‘दिसते’ म्हणून मनाई नाही. ते धर्म ‘ठळकपणे प्रकट’ करीत असेल तर मनाई. गळ्यातला लहान क्रूस चालतो, मोठा चालत नाही; मुस्लिम मुलींचा डोईवरचा रुमाल मात्र लहान-मोठा कसा करणार? कायदा सर्वांना सारखा, पण त्याचे ओझे सर्वांच्या डोक्यावर सारखे नाही, हे आमचे तेव्हाचे मत आजही कायम आहे. येथे ‘लाईक’ हे विशेषण राज्यावरून घसरून मुलांच्या अंगावर गेले. प्रजासत्ताक प्रापंचिक असावे हे योग्य. विद्यार्थ्याने श्रद्धा घरी ठेवून यावे ही निराळी मागणी आहे.

उलट बाजूचे उदाहरण सांगायलाच हवे. इटलीच्या सीमेजवळील रोया खोऱ्यात सेद्रिक एरू नावाचा ऑलिव्हची शेती करणारा शेतकरी आहे. डोंगर ओलांडून आलेल्या निर्वासितांना त्याने आसरा दिला, जेवू घातले, गाडीतून नेले. कायद्याने हा गुन्हा होता. २०१७ साली त्याला चार महिन्यांची स्थगित कैद झाली. प्रकरण संविधान परिषदेपुढे गेले, आणि ६ जुलै २०१८ रोजी तिने ‘फ्रातेर्निते’ला, बंधुतेला, प्रथमच घटनात्मक तत्त्वाचा दर्जा दिला. नाण्यांवर आणि शाळांच्या दारांवर कोरलेला तो शब्द तोवर केवळ ब्रीद होता. बंधुता आहे म्हणून माणुसकीपोटी दुसऱ्याला मदत करण्याचे स्वातंत्र्य आहे, त्याचे वास्तव्य कायदेशीर आहे की नाही हे न पाहता, असा निर्णय झाला. मात्र सीमा ओलांडायला मदत करणे गुन्हाच राहिले. एरूची पुढे निर्दोष मुक्तता झाली. यरीहोच्या वाटेवरच्या शोमरोनीने जखमी माणसाचे कागदपत्र पाहिले नव्हते. परिषदेने शुभवर्तमान उद्धृत केले नाही, तिला ते करता आलेही नसते, पण ती पोहोचली त्याच उताराऱ्याच्या पायरीशी. आपल्या उद्देशिकेतही बंधुता आहे. ती आपण फ्रेंच क्रांतीकडून नव्हे, बुद्धाकडून घेतली, असे डॉ. आंबेडकर १९५४ साली आकाशवाणीवरून म्हणाले होते.

आणि जेथे शब्दाने आम्हांस दुखावले तेही लपवू नये. ४ मार्च २०२४ रोजी व्हर्सायला दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीने ७८० विरुद्ध ७२ मतांनी गर्भपाताचा उल्लेख घटनेत घातला. आमचे मत काय असेल ते वाचक जाणतातच. पण त्या दिवशीही आम्ही आधी मजकूर वाचला. लोकसभेला ‘द्र्वा’, म्हणजे हक्क, हवा होता. सिनेटला ‘लिबेर्ते’, म्हणजे स्वातंत्र्य. हक्क म्हटला की तो पुरविण्याचे कर्तव्य कोणावर तरी येते. स्वातंत्र्य म्हटले की राज्याने आड येऊ नये इतकेच. अखेर ‘हमी दिलेले स्वातंत्र्य’ असा मधला शब्दसमूह ठरला. ज्या डॉक्टरच्या विवेकाला ते कृत्य पटत नाही त्याला नकार देण्याची मुभा साध्या कायद्यात आहे, ती तशीच राहिली. उद्या कोणी ती काढू पाहील तेव्हा वाद याच दोन शब्दांच्या मधल्या जागेत होईल, आणि तेथील कॅथलिक वकिलांना ती जागा इंच-इंच माहीत असावी लागेल.

आपल्याकडे अशी जागा नाही काय? आपल्या घटनेच्या २५ व्या कलमात धर्माचे प्रकटीकरण आणि आचरण यांबरोबर ‘प्रसार’ हा शब्द आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने, एका धर्मगुरूच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्टॅनिस्लॉस खटल्यात, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे इतरांपर्यंत पोहोचविणे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असा अर्थ लावला. पुढे राज्याराज्यांत जे धर्मांतरविरोधी कायदे आले ते या अर्थाच्या आधाराने उभे आहेत. ‘सेक्युलर’ हा शब्द उद्देशिकेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आला. तो काढावा अशी मागणी करणारे अर्ज सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी फेटाळले. हिंदी पाठात तो ‘पंथनिरपेक्ष’ आहे आणि मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’. आम्हांला मराठी शब्द आवडतो, पण त्याच्या उत्तरार्धासाठी. निरपेक्ष सेवा आपण कशाला म्हणतो? जिच्यात परतफेडीची अपेक्षा नाही तिला. राज्याने धर्माकडून काही अपेक्षू नये, मते नाहीत, आशीर्वाद नाहीत, हा अर्थ फ्रेंच शब्दात नाही. तो आपला आहे. या शब्दांवर आपल्या समाजात सभा पुष्कळ होतात, निवेदने दिली जातात. घटना मात्र कपाटात राहते.

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी मुंबईत कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि शनिवार-रविवारी फ्रेंच शिकते. मागील महिन्यापासून ती शनिवारी संध्याकाळी मिस्सानंतर वही घेऊन येऊ लागली आहे. पहिले कलम तिने स्वच्छ अक्षरात उतरवून आणले होते. सर्व श्रद्धांचा आदर करते या वाक्यावर बोट ठेवून तिने विचारले, ‘फादर, येथे ‘ती’ असे सर्वनाम आहे. ही ‘ती’ कोण? फ्रान्स की रेप्युब्लिक?’ फ्रेंचमध्ये दोन्ही नामे स्त्रीलिंगी आहेत, त्यामुळे व्याकरणाने काही निकाल लागेना. ‘तुला काय वाटते, बाळ?’ आम्ही विचारले. ‘देश आदर करील की नाही सांगता येत नाही,’ ती म्हणाली, ‘पण प्रजासत्ताकाला करावाच लागेल.’ येत्या शनिवारी १९०५ च्या कायद्याचे चौथे कलम घ्यायचे आहे. त्यातले वाक्य लांबलचक आहे, तेव्हा तिला मोठा शब्दकोश आणायला सांगितले आहे.